जकात की प्रीती?



बडोद्याच्या जुन्या शहराच्या मध्यभागी मांडवीची कमानदार इमारत उभी आहे. लहरीपुरा, पाणीगेट, चांपानेर व गेंडी या चार दरवाजांकडून येणारे रस्ते तेथे मिळतात. आपल्या भाषेत ‘मांडवी’ या शब्दाचा एक अर्थ जकातघर असा आहे. जकातघरासमोर माणूस प्रीतीने थांबत नाही. पैसे भरतो, सुटतो आणि पुढे जातो.

आपलेही आज्ञापालन असेच झाले आहे काय? रविवारची उपासना झाली, दशमांश दिला, मुलांकडून वचन पाठ करून घेतले, की देवाचा हिशेब चुकता झाला असे आपल्याला वाटते. मात्र ज्या भावाशी आपण वर्षभर बोललो नाही, त्याच्या दाराकडे पाय वळत नाहीत. कारण तेवढी जकात कोणी मागितलेली नसते!

मत्तय जकातनाक्यावरच बसला होता. प्रभूने त्याला आपल्यामागे बोलाविले आणि तो उठून गेला (मत्तय 9:9). लोक ज्याला पापी म्हणत, त्याला प्रभूने आधी जवळ केले. त्याचे पालन मागून आले. लूक सांगतो की, त्याने आपल्या घरी प्रभूसाठी मोठी मेजवानी केली (लूक 5:29). काल घेणारा हात आज वाढू लागला. हे नियमाने घडले नाही, प्रीतीने घडले.

पंडिता रमाबाईंचे जीवन हेच शिकविते. त्यांचा बाप्तिस्मा 1883 साली इंग्लंडमध्ये झाला. परंतु पुढे त्यांनी स्वतः प्रांजळपणे लिहिले की, धर्म मिळाला तरी ख्रिस्त मिळाला नव्हता. तो सुमारे आठ वर्षांनी मिळाला. तारण हे आपल्या कर्माचे वेतन नसून त्याचे दान आहे, हे तेव्हा त्यांना उमगले. त्यानंतर 1896-97 च्या दुष्काळात त्या मध्यप्रांतात गेल्या आणि उपासमारीने खंगलेल्या मुली व स्त्रिया घेऊन आल्या. केडगावचे मुक्तिसदन त्यांतूनच वाढले. तरुणपणी दुष्काळातच त्यांनी आईवडील गमावले होते. ते दुःख त्या विसरल्या नव्हत्या. कोणत्या नियमाने त्यांना तेथे धाडले? ज्याने आपल्याला शोधले, त्याच्यासाठी त्या इतरांना शोधावयास निघाल्या.

प्रभूने आज्ञापालनाची गोष्ट काढली ती ‘प्रीती असेल तर’ या शब्दांपासून (योहान 14:15). आणि ती प्रीती आपण सुरू केलेली नाही. त्याने प्रथम केली (1 योहान 4:19). वधस्तंभाकडे न पाहता आज्ञा ऐकल्या, तर त्या ओझे होतात.

शब्बाथशाळेच्या शिक्षकांनो, मुलांना ‘देव शिक्षा करील’ एवढेच सांगून गप्प बसविणे सोपे आहे. पण भीतीने गप्प बसलेले मूल वर्गाबाहेर पडताच मोकळे होते. त्याला आधी येशूची प्रीती सांगा, मग आज्ञा सांगा.

आणि आपण सर्व जण या आठवड्यात त्या एका भावाच्या दारी जाऊ या. जकात भरावयास नव्हे. आपल्यावर झालेल्या प्रीतीची आठवण म्हणून. प्रभू आपल्याला तसे करण्यास कृपा देवो. आमेन.