हसणाऱ्यांच्या बाकावरून

पावसाळ्यात मलकापुरात संध्याकाळी करण्यासारखं फार काही नसतं. आंबा घाटाच्या बाजूनं पाऊस एकदा लागला की हटत नाही. अशा वेळी मी मोबाइलवर जुन्या ब्रिटिश मालिका बघत बसतो. इंग्रजी शिकवणाऱ्या मास्तराचा कान तयार होतो, हे घरी सांगायचं कारण. खरं कारण एवढंच, की हसायला येतं. अलीकडे मात्र त्या हसण्याचाच जाच होऊ लागलाय.

आमच्याकडे सगळ्यांना ठाऊक असलेली मालिका म्हणजे 'माइंड युवर लँग्वेज'. १९७७ साली ती इंग्लंडमध्ये सुरू झाली. ब्राऊन मास्तरांच्या रात्रीच्या वर्गात देशोदेशीची मोठी माणसं इंग्रजी शिकायला येतात. उठता बसता हजार वेळा माफी मागणारा रणजित सिंग, त्याच्याशी भांडणारा अली नदीम, विणकामाच्या सुया घेऊन बसणारी जमीला. १९७९ साली वाहिनीतले अधिकारी मायकेल ग्रेड यांनी ती बंद केली. परदेशी माणसांचे हे ठोकळे त्यांना अपमानकारक वाटले. गंमत अशी, की ज्यांची टर उडवली त्यांच्याच देशांत ती सर्वांत जास्त आवडीनं पाहिली गेली. मीही पोट धरून हसलो. मग प्रश्न पडतो : आमच्या वतीनं दुखावून घ्यायचा अधिकार ग्रेडसाहेबांना कुणी दिला? ज्याच्यावर विनोद झाला तोच हसत असेल, तर तक्रार उरते कुठे?

बरेच दिवस मला हा युक्तिवाद बिनतोड वाटत होता. तो माझ्याच वर्गात तुटला.

धनगरवाड्यावरून पायी येणारा एक मुलगा धडा वाचत होता. 'आयलंड' हा शब्द त्यानं अक्षरं लावून 'इस्लँड' असा वाचला. वर्ग हसला. मीही हसलो. नुसता हसलो नाही, तर त्याच्याच हेलात तो शब्द पुन्हा म्हणून दाखवला, त्यामुळे वर्ग आणखी हसला. तोही हसला, आणि मला वाटलं, चला, पोरानं खेळीमेळीनं घेतलं. दुसऱ्या दिवसापासून पोरं त्याला 'इस्लँड आला रं' म्हणू लागली. त्या वर्षात त्यानं पुन्हा आपणहून हात वर केला नाही.

तेव्हा कळलं, की ज्याच्यावर हसलं जातं त्याचं हसणं म्हणजे संमती नव्हे. चाळीस जण हसत असताना एकट्यानं गंभीर राहणं म्हणजे आणखी उघडं पडणं. तोही हसला, कारण हसणाऱ्यांच्या बाकावर सरकून बसण्याचा तेवढा एकच मार्ग त्याच्यापुढे होता.

हे मला आधीच कळायला हवं होतं. आमच्या कोल्हापूरकडं बायकाही 'मी जातो', 'मी जेवतो' म्हणतात. पुण्याच्या पंगतीत माझी आक्का तसं बोलली तेव्हा सगळे हसले होते. आक्काही हसली होती. घरी परत येईपर्यंत एसटीत ती एक शब्द बोलली नव्हती.

मग विनोदच करू नये का? तसं मला वाटत नाही. १९९३ साली दूरदर्शनवर 'जबान संभाल के' आली, ती याच ब्रिटिश मालिकेवर बेतलेली. पंकज कपूर हिंदीचे मास्तर झाले, आणि टॉम ऑल्टर यांचा इंग्रज साहेब विद्यार्थी म्हणून बाकावर येऊन बसला. ती अदलाबदल मला आवडते. पण त्याच वर्गात विजू खोटे यांचा विठ्ठल बापूराव पोटेही होता, आणि मराठी माणसाच्या हिंदीवर सगळा देश हसला. बाकं बदलली, खेळ तोच राहिला.

'फॉल्टी टॉवर्स'ची गोष्ट त्याहून बोलकी आहे. टॉर्कीमधल्या हॉटेलात बार्सिलोनाचा मॅन्युएल वाढपी आहे. त्याला इंग्रजी धड येत नाही आणि मालक बेसिल त्याला बडवतो. स्पेनमध्ये ही मालिका दाखवताना मॅन्युएलला इटालियन करून टाकलं, आणि कातालान भाषेत तो मेक्सिकन झाला. आपल्यावरचा विनोद कुणालाच नको असतो, तो शेजाऱ्याच्या दारात नेऊन टाकायचा असतो. मॅन्युएलचं काम करणारे अँड्र्यू सॅक्स जर्मनीत जन्मलेले, वडील ज्यू. १९३८ साली हे कुटुंब नाझींपासून जीव वाचवून इंग्लंडला आलं. नव्या भाषेत चाचपडणं म्हणजे काय, हे त्या नटाला नुसत्या संहितेतून कळलेलं नव्हतं. तरीही ही मालिका मी आजही बघतो, कारण तिथं खरं हसं होतं ते बेसिलचं. मॅन्युएल चुकतो तो भाषेत. बेसिल चुकतो तो माणूस म्हणून, आणि मालिका ते लपवत नाही.

'येस मिनिस्टर' तर भाषेच्याच जोरावर उभी आहे. तिथं हसू येतं ते सर हम्फ्रीच्या अस्खलित इंग्रजीचं. मंत्र्याला काहीच कळू नये म्हणून त्याची वाक्यं लांबत जातात. सरकारी कागदावरचं 'सदरहू', 'उपरोक्त' वाचून घाबरलेल्या कुठल्याही शेतकऱ्याला हा हम्फ्री ओळखू येईल. भाषा न येणाऱ्यावर हसणं आणि भाषेआड लपणाऱ्यावर हसणं, यांत मला आता फरक दिसतो. पहिल्या हसण्यानं एकाचं तोंड बंद होतं, दुसऱ्यानं अनेकांची भीती थोडी उतरते.

तरी ही कसोटी घेऊन मी निर्दोष सुटत नाही. रणजित सिंगच्या वर्गात शिरलो की अजून हसतो. फक्त हसताना, मी कुठल्या बाकावर बसलोय, हे बघून घेतो.

पुढे कधीतरी त्या शब्दाचा इतिहास वाचनात आला. 'आयलंड'मध्ये मूळचा 'एस' नव्हताच. सोळाव्या शतकाच्या सुमारास दुसऱ्याच एका शब्दाशी नातं आहे अशा गैरसमजातून तो लिहिला जाऊ लागला, आणि उच्चारात कधी आलाच नाही. म्हणजे चूक शिकल्यासवरल्या लोकांची होती आणि माझ्या विद्यार्थ्यानं जे लिहिलं होतं तेच प्रामाणिकपणे वाचलं होतं.

दुसऱ्या दिवशी हे मी वर्गात सांगितलं, फळ्यावर लिहून दाखवलं, आणि तेव्हा माझं चुकलं होतं असंही म्हणालो. पोरं हसली, इंग्रजीला. पण तो वर्ग वेगळा होता. ज्याला सांगायला हवं होतं, तो मुलगा तोवर शाळा सोडून गेला होता.