सांत पावलचे विद्यालय : पहिली चाळीस वर्षे

जुन्या गोव्यातील सांत पावल हे येशूसंघाच्या आशियातील सर्वांत जुन्या निवासी विद्यालयांपैकी एक. त्याची स्थापना मात्र येशूसंघाने केलेली नाही. १५४१ साली गोव्यातील काही पोर्तुगीज धर्मगुरू आणि अधिकारी यांनी ‘सांत फे’, म्हणजे पवित्र श्रद्धा, या नावाचे एक मंडळ काढले. विद्यालय उभारणे हे या मंडळाचे मुख्य काम होते. व्हिकार जनरल मिगेल वाझ आणि धर्मोपदेशक दियोगु द बोर्बा हे त्याचे दोन आधारस्तंभ. दोघांची कल्पना साधी होती. पोर्तुगालहून येणाऱ्या पाद्र्यांना इथल्या भाषा येत नाहीत, हवा सोसत नाही आणि गलबतातून येणारी माणसे कधीच पुरेशी नसतात. म्हणून पूर्वेकडील निरनिराळ्या देशांतली मुले एका छताखाली आणावीत, त्यांना वाचन, लेखन, लॅटिन आणि धर्मशास्त्र शिकवावे आणि मग आपापल्या लोकांत धर्मगुरू किंवा दुभाषी म्हणून परत पाठवावे.

विद्यालयाचा पैसा कोठून आला हे नीट पाहिले पाहिजे, कारण पुढच्या बऱ्याच गोष्टींचे मूळ तिथे आहे. तिसवाडी बेटावरील देवळे १५४० च्या सुमारास पाडण्यात आली होती. देवळे गेली, तरी त्यांना लावून दिलेल्या जमिनी होत्याच. त्यांच्या उत्पन्नावर पुजारी, कलावंत, वाजंत्री आणि सेवेकरी यांचा चरितार्थ चाले. जून १५४१ मध्ये गावचा कारभार पाहणाऱ्या गावकारांना बोलावून घेण्यात आले आणि हे उत्पन्न नव्या धर्मकार्याकडे वळवण्यास त्यांची संमती कागदावर नोंदवण्यात आली. त्या वेळी गव्हर्नर होता वास्को द गामाचा मुलगा इश्तेव्हांव द गामा. शस्त्रबळ एका बाजूला आणि गावकार दुसऱ्या बाजूला असताना दिलेल्या संमतीला संमती म्हणणे कठीण आहे. गोमंतकातल्या गावांनी पिढ्यान्‌पिढ्या देवकार्यासाठी राखलेल्या शेतांवर या विद्यालयाची पहिली पंगत बसली.

६ मे १५४२ रोजी येशूसंघाचा फ्रान्सिस झेवियर गोव्यात उतरला. येशूसंघाला पोपची मान्यता मिळून तेव्हा दोन वर्षेही झाली नव्हती आणि शाळा चालवणे हे संघाचे काम आहे असे कोणी ठरवलेले नव्हते. सिसिलीतल्या मेसिना शहरात संघाने बाहेरच्या विद्यार्थ्यांसाठी प्रसिद्ध विद्यालय काढले ते १५४८ साली. अध्यापनाची सविस्तर नियमावली तर १५९९ ची. म्हणजे गोव्यात जे घडत होते ते कोणत्याही ठरलेल्या नमुन्याबरहुकूम नव्हते. हातात आलेली शाळा चालवता चालवता संघाची माणसे शाळा चालवणे शिकत होती. झेवियर आला तेव्हा विद्यालयाच्या चर्चचे बांधकाम बरेच पुढे गेले होते. स्वतः पॅरिसमध्ये शिकलेला असल्याने सप्टेंबर १५४२ च्या पत्रात त्याने या चर्चची तुलना सोर्बोनच्या चर्चशी केली आणि हे जवळजवळ दुप्पट मोठे असल्याचे संघाचा संस्थापक इग्नेशियस लोयोला याला कळवले. सहा वर्षांत निरनिराळ्या भाषांचे आणि देशांचे तीनशेहून अधिक विद्यार्थी येथे असतील अशी आशाही त्याने व्यक्त केली. झेवियर स्वतः येथे फार काळ राहिला नाही. त्याचा इटालियन सहकारी मिसेर पावलो मात्र मुलांजवळ राहिला. १५६० मध्ये मरेपर्यंत हा शांत, आजारी लोकांत रमणारा माणूस या परिसरातच होता. विद्यालयाला लागून स्थानिक लोकांसाठी त्याने एक इस्पितळही चालवले. मोठी नावे येऊन जात राहिली, पण रोजचे घर पावलोने सांभाळले. अशा माणसांची दखल इतिहास तोकडी घेतो, म्हणून येथे ती मुद्दाम घेतली आहे.

२५ जानेवारी, म्हणजे सांत पावलच्या मतपरिवर्तनाचा सण, हा या चर्चचा दिवस. त्यावरून ‘सांत फे’ हे नाव मागे पडून सगळ्या संस्थेला ‘सांत पावल’ म्हणू लागले. हे नाव इतके रुळले की भारतभर येशूसंघाच्या पाद्र्यांना पावलिस्त हे टोपणनाव पडले. १५४७ च्या आरंभी मिगेल वाझ चौलला मरण पावला. रेवदंड्याजवळचे हे बंदर तेव्हा पोर्तुगीजांच्या उत्तरेकडील ठाण्यांतले महत्त्वाचे ठाणे होते. काही दिवसांतच बोर्बाही गेला. दोन्ही संस्थापक एकाच महिन्यात गेल्यावर विद्यालयाचा सगळा कारभार हळूहळू येशूसंघाकडे आला.

पहिल्या काही वर्षांत येथे साठाच्या आसपास मुले राहत होती. ती कोठून आली होती हे वाचले की त्या काळच्या समुद्रमार्गांचा नकाशाच उलगडतो. गोव्यातली, कानडी मुलुखातली, मलबारची, गुजरातची, बंगालची, पेगूची, मलाक्का आणि मोलुक्कसची, शिवाय आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यावरची आणि हबशी. काही घरच्यांनी पाठवलेली, काही गुलामीतून सुटलेली, काही गलबतांवरून आलेली. त्यांना लॅटिन व्याकरण शिकवायला १५४५ साली निकोलाव लांचिलोत्तो हा इटालियन येशूसंघी आला. मुले प्रार्थना पाठ करीत, गायन शिकत, सणाला मिरवणुकीत गात जात. पोर्तुगीज ही त्यांची आपसातली भाषा झाली आणि नेमका तिथेच अडचणीचा गुंता सुरू झाला. सहासात वर्षांचे पोर घरापासून तोडून आणले की ते पोर्तुगीज लवकर शिके, पण घरची बोली तितक्याच लवकर विसरे. मग त्याला परत पाठवून उपयोग काय? बोली विसरलेला मुलगा आपल्या लोकांना काय सांगणार?

१५४६ च्या नियमांत यावर उपाय योजलेला दिसतो. फार लहान मुले घ्यायची नाहीत, समजत्या वयाची घ्यायची. दिवसातला ठरावीक वेळ प्रत्येकाने आपल्या देशबांधवांशी आपल्याच भाषेत बोलायचे. परदेशी सत्तेने काढलेल्या निवासी शाळेत मातृभाषेत बोलण्यासाठी वेळ राखून ठेवलेला असावा, ही सोळाव्या शतकातली लक्षणीय गोष्ट आहे. पुढे तीनेकशे वर्षांनी जगात अनेक ठिकाणी अशाच निवासी शाळांनी मुलांना मातृभाषा बोलल्याबद्दल शिक्षा केल्या. सांत पावलची गरज वेगळी होती. या शाळेला मुलाची भाषा हवी होती, आणि त्या भाषेत जे देव, ज्या कथा, जी नाती भरलेली होती ती नको होती. मुलगा आपल्या लोकांपैकीच राहावा आणि त्यांच्यापैकी राहूही नये, अशी ही दुहेरी मागणी. पहिल्या चाळीस वर्षांतले बहुतेक सगळे पेच या एका मागणीतून निघाले.

याच काळात विद्यालयातले सर्वांत गाजलेले विद्यार्थी आले. मलाक्कात झेवियरला भेटलेला अंजिरो हा जपानी आणि त्याचे दोन सोबती १५४८ मध्ये गोव्यात पोहोचले. त्यांचा बाप्तिस्मा झाल्यावर अंजिरोने ‘पावलो द सांत फे’ हे नाव घेतले. विद्यालयाची दोन्ही नावे त्यात आली. तो प्रौढ होता, बुद्धीने तल्लख होता आणि काही महिन्यांत पोर्तुगीज वाचू लिहू लागला. जपानी माणसे शिकण्यास उत्सुक असतात हे त्याच्याकडे पाहूनच झेवियरने ठरवले. १५४९ च्या एप्रिलमध्ये ही मंडळी गोव्याहून निघाली आणि १५ ऑगस्टला कागोशिमाला पोहोचली. ज्या हेतूने वाझ आणि बोर्बा यांनी घर बांधले होते तो येथे अगदी हुबेहूब साधला गेला. पण तो साधला एका मोठ्या, स्वेच्छेने आलेल्या, स्वतःची भाषा पक्की असलेल्या माणसाच्या बाबतीत. हा भेद त्या वेळच्या व्यवस्थापकांच्या पुरेसा ध्यानात आला नाही.

१५४८ च्या ऑक्टोबरात पोर्तुगालमधल्या कोइंब्राहून आंतोनियो गोमिश रेक्टर म्हणून आला. प्रवचनकार म्हणून तो उत्तम होता आणि कोइंब्राच्या विद्यालयाखेरीज दुसरा नमुना त्याच्या डोळ्यांपुढे नव्हता. तीच शिस्त, तेच दिवसाचे वेळापत्रक त्याने इथल्या मुलांना लावले. मुले भिंती ओलांडून पळून जाऊ लागली. झेवियर जपानात असताना गोमिशने त्याहून मोठे पाऊल उचलले. स्थानिक मुलांना त्याने विद्यालयातून काढले आणि जागा पोर्तुगीज तरुणांना दिली. ज्यांच्या गावांच्या जमिनींवर विद्यालय चालत होते त्यांचीच मुले बाहेर! फेब्रुवारी १५५२ मध्ये परतलेल्या झेवियरने गोमिशला रेक्टरपदावरून हटवले आणि पुढे संघातूनही काढले. त्याच्या जागी नेदरलंड्सच्या झीलंड प्रांतातला गास्पार बेर्झे आला आणि मुले परत घेतली गेली. झेवियर त्याच वर्षी ३ डिसेंबरला चीनच्या किनाऱ्याजवळ सान्सियान बेटावर मरण पावला, बेर्झे पुढच्या ऑक्टोबरात. गोमिशची चूक एका हेकट माणसाची होती असे म्हणून प्रकरण मिटवता येत नाही. विद्यालय युरोपीय माणसे घडवण्यासाठी की इथली, हा प्रश्न त्याने उद्धटपणे सोडवला एवढेच. तो प्रश्न त्याच्यानंतरही राहिला. करमळीचा आंद्रे वाझ याच्यासारखा गावकाराचा मुलगा येथे शिकून पहिल्या गोमंतकीय धर्मगुरूंत गणला गेला, पण खुद्द येशूसंघाने मात्र त्या शतकात आपले दार इथल्या लोकांना जवळजवळ बंदच ठेवले. केरळचा पेरो लुईश हा ब्राह्मण एवढाच त्याला प्रसिद्ध अपवाद.

६ सप्टेंबर १५५६ रोजी गोव्यात उतरलेल्या गलबतात एक छापखाना होता. तो इथिओपियाला जायचा होता. तिथल्यासाठी नेमलेल्या लॅटिन पात्रियार्काला, म्हणजे धर्मप्रमुखाला, तिथला राजा थारा देईल अशी चिन्हे नव्हती, म्हणून पात्रियार्क गोव्यात अडकला आणि यंत्रही. सांत पावलात ते बसवण्यात आले. मुद्रक होता हुआन द बुस्तामांते, आणि त्याच्या हाताखाली छपाईकाम शिकलेला एक भारतीयही सोबत होता. त्याचे नाव कोणी लिहून ठेवले नाही. भारतातल्या पहिल्या छापखान्यावर काम करणाऱ्या आपल्या माणसाचे नाव हरवावे ही फार खंत वाटण्यासारखी गोष्ट आहे. त्याच वर्षी विद्यार्थ्यांच्या वादसभेसाठी काढलेली प्रमेये छापली गेली, १५५७ मध्ये झेवियरची धर्मशिकवण. भारतातले मुद्रण सुरू झाले ते शाळेच्या परीक्षेचे कागद छापण्यापासून. अ. का. प्रियोळकर यांनी १९५८ च्या आपल्या इंग्रजी ग्रंथात हा सगळा इतिहास कागदपत्रांनिशी मांडला आहे.

छापखान्याच्या आनंदाबरोबरच त्या दशकातली काळी बाजूही सांगायला हवी. मार्च १५५९ मध्ये पोर्तुगालच्या राजाच्या नावाने कायदा निघाला. गोवा शहर आणि बेटांतली ज्या हिंदू मुलांना आई, बाप, आजा, आजी असे कोणीही उरलेले नाही, ती अनाथांच्या न्यायाधीशाने ताब्यात घेऊन सांत पावल विद्यालयाकडे सोपवावीत, तिथे त्यांचा बाप्तिस्मा व्हावा आणि त्यांना वाढवावे. अंमलबजावणीत अनाथ या शब्दाची व्याप्ती वाढत गेली; बाप गेला की मूल अनाथ, आई जिवंत असो वा नसो. काका, मामा, चुलत्या यांनी भरलेल्या एकत्र कुटुंबात मूल कधी खऱ्या अर्थाने अनाथ नसते, हे त्या कायद्याला ठाऊक नव्हते किंवा ठाऊक करून घ्यायचे नव्हते. नातेवाईक मुलांना लपवू लागले, नदीपलीकडे आदिलशाही मुलखात धाडू लागले. याच वर्षांत देवही हलत होते; कुशस्थळीचा मंगेश पलीकडे अंत्रुजात, प्रियोळला गेला. १५६० मध्ये इन्क्विझिशनचे न्यायालय गोव्यात बसले. विजरई कोंस्तांतिनो द ब्रागांसा याच्या कारकिर्दीत सांत पावलच्या चर्चमध्ये सामुदायिक बाप्तिस्म्याचे थाटाचे सोहळे होऊ लागले. घरच्यांनी पाठवलेल्या आणि पाहुणे म्हणून आलेल्या मुलांचे विद्यालय आता सक्तीने आणलेल्या मुलांचेही झाले. आत शिकवणारी कित्येक माणसे मनाने प्रेमळ होती, मुलांना जेवू घालत होती, आजारपणात उशाशी बसत होती. पण ज्या दारातून मूल आत येते ते दार सरकारी शिपायाने उघडलेले असेल, तर आतल्या मायेनेही ती गोष्ट धुऊन निघत नाही.

त्याच सुमारास मराठी वाचकाला जिव्हाळ्याची वाटावी अशी एक घटना घडली. मानुएल द ओलिव्हेयरा हे नाव घेतलेल्या एका ब्राह्मण ख्रिस्त्याच्या मदतीने एका पंडिताच्या घरातून हिंदू ग्रंथांची हस्तलिखिते उचलून सांत पावलात आणण्यात आली. त्यांतल्या भागांची भाषांतरे झाली आणि सक्तीने प्रवचनाला बसवलेल्या ब्राह्मणांशी वाद घालताना ती वापरली गेली. चोरीने आणलेले ग्रंथ वाचता वाचता येशूसंघाची माणसे मराठी आणि कोकणी यांच्या गद्यपद्याशी परिचित झाली. आज पोर्तुगालमधील ब्रागा येथील ग्रंथालयात रोमन लिपीत उतरवून घेतलेल्या रामायण-महाभारतातल्या कोकणी व मराठी कथांची सोळाव्या शतकातली हस्तलिखिते आहेत. मूळ पोथ्या उरल्या नाहीत, वाद जिंकण्यासाठी केलेल्या नकला उरल्या.

विद्यालयाच्या शाखा उत्तरेकडेही फुटल्या. वसईला १५४९ च्या सुमारास येशूसंघाचे घर सुरू झाले. वसईत १५५७ च्या सुमारास जन्मलेला आणि पुढे १५९७ साली नागासाकीत क्रुसावर मारला गेलेला गोन्सालो गार्सिया लहानपणी तिथल्या पाद्र्यांपाशी शिकला. दक्षिणेकडे गोव्यातल्या सासष्टीत मडगावला विद्यालय निघाले ते सतराव्या शतकाच्या आरंभी रायतूरला स्थिरावले. इकडे शहरातली मूळ जागा रोगराईने नकोशी झाली. १५७० च्या सुमाराच्या साथींनंतर विद्यालय हळूहळू सांत रोक टेकडीवरच्या नव्या वास्तूत गेले. १८२९ मध्ये जुने चर्च पाडण्याचा हुकूम निघाला. दर्शनी भिंतीची एक कमान तेवढी उभी आहे.

२४ ऑक्टोबर १५७९ रोजी गोव्यात उतरलेला इंग्रज येशूसंघी थॉमस स्टीफन्स सुमारे चाळीस वर्षे प्रामुख्याने सासष्टीत राहिला. पहिल्या पिढीच्या पाद्र्यांनी मुलांकडून जे करवून घ्यायचे ठरवले होते, ते त्याने स्वतः केले. इथली भाषा शिकला आणि तिच्यात लिहिले. त्याचे ‘क्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये रायतूरला छापले गेले. देशी लिपीचे खिळे पाडावेत अशी विनंती त्याने १६०८ मध्ये रोमला केली होती. ती पुरी झाली नाही आणि ओव्या रोमन अक्षरांत छापाव्या लागल्या. १७५९ मध्ये पोर्तुगीज राज्यातून येशूसंघाची हकालपट्टी झाली, तोवर सांत पावलचे विद्यालय चालू होते.