स्वतःचं पान एकदा तरी वाचायचं होतंस

काल संध्याकाळी फाइल ठेवून गेलास. दारातूनच म्हणालास, "बाई, जरा नजर टाका, वेबसाइट गुगलवर वर आणणाऱ्या कंपनीचा करार पुढच्या वर्षी चालू ठेवू का तेवढं सांगा." जेवणं आटोपल्यावर फाइल उघडली, मिटली तेव्हा साडेबारा वाजून गेले होते. तोंडी सांगितलं असतं तर मान खाली घालून 'हो बाई, हो बाई' करत बसला असतास आणि बेड्याबाहेर पडेपर्यंत विसरलाही असतास. म्हणून लिहून देते आहे. शेवटपर्यंत वाच, आणि वाचताना कारणं शोधू नकोस.

अकरावी-बारावीला दोन वर्षं तुला पुस्तपालन शिकवलं मी. तेरजेत एका रुपयाचा फरक निघाला, तर तो सापडेपर्यंत तुला बाकावरून उठू दिलं नव्हतं. तोच तू! या फाइलमध्ये 16 पावत्या आहेत, गेल्या वर्षीच्या फेब्रुवारीपासून यंदाच्या मेपर्यंतच्या, आणि त्यांतल्या एकीवरही तुझ्या हातचा आकडा नाही. नुसत्या सह्या.

तो हिशेब मी मांडला. महिन्याचे 12,000, त्यावर 18 टक्के जीएसटीचे 2,160, म्हणजे 14,160. सोळा महिन्यांचे झाले 2,26,560. तू विकतोस त्या ताज्या आंब्यावर कर नाही, त्यामुळे भरलेला जीएसटी वळता करून घ्यायची सोय नाही, तो सगळा खर्चातच गेला. आता समोरची बाजू. वेबसाइटवरून दोन हंगामांत किती पेट्या गेल्या, असं परवा विचारलं तेव्हा तू छताकडे बघत बसलास. शेवटी तुझ्या बायकोला फोन केला. तिने वही उघडून दोन मिनिटांत सांगितलं, 31. म्हणजे एका पेटीमागे 7,308 रुपये. पेटी तू विकतोस 3,500ला. त्या 31 पेट्या लोकांना फुकट वाटल्या असत्यास, तरी याच्या निम्म्याहून कमी पैशांत भागलं असतं.

एसईओला, म्हणजे शोधात वर येण्याच्या कामाला, वेळ लागतो, हे तुझं म्हणणं मला मान्य आहे. परिणाम दिसायला साधारण 4 महिने ते वर्ष लागतं, असं गुगलच्याच माणसांनी सांगितलेलं आहे. तू 16 महिने दिलेस. आणि वेबसाइटवर पैसे घालणं वाईट, असंही मी म्हणणार नाही. कॉलेजची वेबसाइट सहा वर्षं माझ्या गळ्यात होती, प्रवेशाच्या दिवसांत लोक काय टाइप करून आमच्यापर्यंत येतात ते रोज बघत होते. काम खरं आहे आणि ते नीट करणारी माणसंही आहेत. माझा राग तुझ्यावर आहे, कारण 16 महिन्यांत तू स्वतःची वेबसाइट एकदाही गिऱ्हाइकासारखी उघडून पाहिली नाहीस.

मी काल उघडली. पहिल्याच पानावर आंब्याचा भला मोठा फोटो. लालबुंद, सालीवर जांभळट झाक असलेला. अरे, हा हापूस आहे? परदेशातल्या बाजारातला कुठला तरी आंबा फोटोंच्या साठ्यातून उचलून तुझ्या बागेच्या नावाखाली चिकटवलाय. तुझ्या आजोबांनी कातळ फोडून, खड्ड्यात बाहेरून माती आणून टाकून ती कलमं जगवली. त्या कलमांचा एक फोटो तुझ्या फोनमध्ये नव्हता? देवगडचा आंबा ओळखणारं माणूस ते चित्र बघून तिथूनच मागे फिरणार. फोटो इतका जड, की माझ्या फोनवर तो पूर्ण दिसायला मला थांबून राहावं लागलं. खाली दराचा तक्ता, तोही गेल्या वर्षीचा.

मग अगदी तळाशी गेले. तिथे बारीक अक्षरांत गावांची रांग होती. डोंबिवली, मुलुंड, औंध, कोथरूड, नाशिकरोड. मोजली, 64 नावं. प्रत्येक नावामागे एक पान, आणि प्रत्येक पानावर तोच मजकूर, गावाचं नाव तेवढं बदललेलं. औंधच्या पानावर तर तेही धड बदललेलं नाही. वर 'औंधमधील ग्राहकांसाठी' आणि तिसऱ्या ओळीत 'डोंबिवलीत घरपोच'. वर्गात दुसऱ्याची वही उतरवताना वरचं नावसुद्धा तसंच उतरवणारी मुलं असायची, त्यांना मी काय करायचे ते तुला ठाऊक आहे. अशा पानांना गुगल 'डोअरवे' म्हणतं आणि त्यांची गणना सरळ फसवणुकीत करतं. 2006 च्या फेब्रुवारीत बीएमडब्ल्यूची जर्मनीतली वेबसाइट अशाच पानांपायी गुगलने आपल्या यादीतून काढून टाकली होती. शोधयंत्राला शब्दांनी खच्चून भरलेलं पान, माणसाला दुसरंच पान, असा तो प्रकार होता. ती एवढी मोठी कंपनी, पानं काढून काही दिवसांत परत आली. तुझं नाव ऐन एप्रिलमध्ये गेलं तर तुझा हंगाम गेला.

दर महिन्याच्या अहवालात हिरव्या रंगात छापलंय, 'प्रथम क्रमांकावर 22 शब्द'. ते 22 तू वाचलेस? 9 तर तुझ्या बागेच्याच नावाचे आहेत, उलटेसुलटे करून लिहिलेले. तुझं नाव टाकल्यावर तू वर येणारच, त्याला पैसे कशाला लागतात? उरलेले 13 'बेस्ट प्रीमियम ऑथेंटिक अल्फान्सो मँगो सप्लायर सिंधुदुर्ग इंडिया' अशा जातीचे. एवढं लांबलचक कुणी टाइप करत नाही, म्हणून तिथे स्पर्धा नाही, आणि स्पर्धा नाही म्हणून पहिला नंबर. लोक 'देवगड हापूस पेटी' टाकतात, 'हापूस आंबा घरपोच पुणे' टाकतात. त्या शब्दांवर तू कुठे आहेस, हे अहवालात कुठेच नाही, आणि तूही विचारलं नाहीस.

विचारायचीसुद्धा गरज नव्हती. सर्च कन्सोल नावाची गोष्ट गुगल फुकट देतं. लोकांनी काय शोधलं, तुझं पान किती वेळा दिसलं, किती जणांनी त्यावर बोट ठेवलं, सगळं त्यात असतं, मागच्या 16 महिन्यांपर्यंतचं. म्हणजे तुझ्या कराराचा पहिल्या महिन्यापासूनचा हिशेब आज तिथे आहे. जुलै उजाडेपर्यंत तो पहिला महिना त्यातून पुसला जाईल. म्हणून आधी तो हिशेब उतरवून घ्यायचा.

करारातलं तिसरं कलम वाच. 'पहिल्या पानाची हमी'. गुगल आपल्या मार्गदर्शनात स्वच्छ लिहितं, की पहिल्या क्रमांकाची हमी कुणीही देऊ शकत नाही, आणि गुगलशी आमचे खास संबंध आहेत असं सांगणाऱ्यापासून लांब राहा. फुकट वाचायला मिळणारा मजकूर आहे हा. जाहिरात विकत घेता येते, तिच्यावर 'प्रायोजित' असं लिहिलेलं असतं, पैसे थांबले की ती थांबते. खालची खरी यादी पैसे भरून बदलत नाही. तुझ्या पावत्यांत दर महिन्याला 'मेटा कीवर्ड अद्ययावत करणे' असा एक खर्च लावलाय. क्रमवारीसाठी आपण ते शब्द बघतच नाही, असं गुगलने 2009 मध्ये जाहीर केलेलं आहे. न झालेल्या फवारणीचे पैसे बागेतल्या गड्याला देशील का?

आता लिंका. '412 बॅकलिंक' म्हणून तू मला कौतुकाने दाखवलंस. गुगल 1998 मध्ये उभं राहिलं ते या कल्पनेवर, की एका पानाने दुसऱ्या पानाकडे बोट दाखवणं ही त्याच्यासाठी दिलेली साक्ष आहे, आणि साक्ष देणारा जितका वजनदार तितकी ती मोलाची. तुझ्या साक्षीदारांतल्या चाळीसेक पत्त्यांवर मी जाऊन आले. जुगाराची पानं, झटपट कर्जाची पानं, मला न वाचता येणाऱ्या भाषांतल्या याद्या. यांतल्या कुणी तुझा आंबा चाखलाय? अशा विकतच्या साक्षी पकडायला गुगलने 2012 च्या एप्रिलमध्ये 'पेंग्विन' नावाचा बदल आणला. त्याच्या आदल्या वर्षी अमेरिकेत जे. सी. पेनी या मोठ्या दुकानसाखळीचं प्रकरण न्यूयॉर्क टाइम्सने बाहेर काढलं होतं. ऐन खरेदीच्या दिवसांत ती कितीतरी वस्तूंच्या शोधात पहिली होती, आणि त्यामागे असंबद्ध पानांवर पैसे देऊन पेरलेल्या लिंका निघाल्या. गुगलने तिला खाली ढकललं. आम्हाला माहीत नव्हतं, असं कंपनीने सांगितलं आणि सल्लागार काढला. पण यादीतून खाली गेलं ते नाव कंपनीचं. इथेही जाईल ते तुझंच.

आणि ज्यासाठी मी रात्री पाणी प्यायला उठले, ती गोष्ट सांगते. डोमेनची नोंदणी त्या कंपनीच्या ईमेलवर आहे. गुगल मॅपवरच्या तुझ्या बागेच्या नोंदीचे मुख्य मालक ते, तू त्यात नुसता व्यवस्थापक. सातबारा कुणाच्या नावावर आहे हे न बघता तू कलमं लावशील का? उद्या करार मोडलास तर पाटी त्यांच्या हातात राहणार. त्यामुळे एक शब्दही वाकडा बोलण्याआधी या दोन्ही गोष्टी तुझ्या नावावर करून घे. डोमेन तुझ्या ईमेलवर, नोंदीची मालकी तुझ्याकडे. झाल्याचा पुरावा हातात आल्यावरच करार संपवायचं पत्र. ती मॅपवरची नोंद मुळात फुकट असते, हे तरी तुला माहीत होतं का? जवळपास शोधणाऱ्याला कोण दिसावं हे गुगल तीन गोष्टींवर ठरवतं: त्याला हवं ते तुझ्याकडे आहे का, तू किती अंतरावर आहेस, आणि तुझी ख्याती किती. त्यातही पैसे भरून वर जाता येत नाही.

परवाचा प्रसंग आठव. माझ्या ओसरीवर बसला होतास आणि पुण्याच्या एका गिऱ्हाइकाचा फोन आला. त्या बाईंना तू समजावलंस, की पेटी आली की झाकण उघडा, फळं गवतातच राहू द्या, एकावर एक दाबून ठेवू नका, फ्रिजमध्ये तर मुळीच नाही. रोज हात फिरवा, वास सुटेल, देठाजवळ दाबल्यावर किंचित बोट रुतेल, तेव्हा खायला घ्या. त्यांनी साक्याचं, म्हणजे गर आतून खराब निघण्याचं, विचारलं. तू लपवलं नाहीस. म्हणालास, साका बाहेरून दिसत नाही, कापल्यावरच कळतो, निघाला तर फोटो पाठवा, तेवढी फळं पुढच्या पेटीत भरून देतो. मग कर्नाटकातला आंबा देवगडच्या नावाने कसा खपवतात, सालीचा आणि गराचा फरक कसा ओळखायचा, हापूसला 2018 मध्ये मिळालेलं भौगोलिक मानांकन कोणत्या पाच जिल्ह्यांना लागू आहे, सगळं सांगितलंस. बारा मिनिटं बोलत होतास, मी घड्याळात पाहिलं. फोन ठेवायच्या आत त्या बाईंनी दोन पेट्या सांगितल्या.

त्या बारा मिनिटांतलं एक वाक्य तुझ्या वेबसाइटवर आहे का? नाही. तिथे आहे 'निसर्गाच्या कुशीतून थेट आपल्या दारी'. लोक रात्री गुगलला हेच विचारतात, जे त्या बाईंनी तुला विचारलं. आंबा पिकवायचा कसा, साका म्हणजे काय, अस्सल देवगड ओळखायचा कसा. याची उत्तरं शहरात खुर्चीवर बसलेल्या मुलाला कुठून येणार? त्याने आढी कधी पाहिलेली नाही, झेल्याने फळ काढलेलं नाही. तुला येतात, आणि तू ती लिहायची सोडून त्याला महिना 14,160 देत राहिलास. याला मी आळस म्हणते. दुसरा शब्द नाही.

पैसे द्यायचेच तर कशाला, तेही सांगते. वेबसाइट फोनवर चटकन उघडावी, फोटो हलके व्हावेत, प्रत्येक पानाला त्याचं खरं शीर्षक असावं, ती 64 पानं काढून टाकावीत, त्या लिंकांचं काय करायचं ते जाणत्याने बघावं. हे कसबाचं काम आहे, ठरावीक रकमेत, एकदा करून घ्यायचं. जो आधी काम लिहून देईल, झाल्यावर दाखवेल आणि सगळ्या चाव्या तुझ्या हातात ठेवेल, त्याला घासाघीस न करता पैसे दे. महिन्याचा रतीब नको.

आणि हे आत्ताच करायचं आहे. आज लिहिलेलं पान गुगलच्या नजरेत मुरायला महिने लागतात. फेब्रुवारीत पहिल्या पेट्यांची चौकशी सुरू होते, तेव्हा घाई करून हाताला काही लागत नाही. पाऊस लागलाय, कलमांना खत घालायचं तेवढं उरलंय, संध्याकाळ तुझी मोकळी असते. आठवड्याला एक पान लिही. मराठीत, तू बोलतोस तसं. शुद्धलेखन मी बघेन.

सोमवारी सहा वाजता ये. लॅपटॉप, डोमेनची पहिली पावती आणि कराराची मूळ प्रत घेऊन ये. बायकोलाही घेऊन ये, वही तिच्याकडे आहे.