प्रामाणिक आणि पूर्णांक

'ऑनेस्टी' आणि 'इंटेग्रिटी' हे इंग्रजी शब्द सर्रास एकमेकांऐवजी वापरले जातात; मराठीतही दोहोंसाठी 'प्रामाणिकपणा' म्हणून आपण मोकळे होतो. केंद्र सरकारच्या १९६४ च्या वर्तणूक नियमांतील तिसरा नियम मात्र आपल्याकडे मागतो ती 'इंटेग्रिटी', आणि तीही 'ॲब्सोल्यूट'. पहिल्याहून या शब्दात अधिक काय आहे?

प्रामाणिक म्हणजे प्रमाणाला उतरणारा. म्हणूनच प्रामाणिकपणा तपासता येतो. हिशेब जुळला, लिहिलेले खरे ठरले, की लेखापरीक्षकाचे समाधान होते. 'इंटेग्रिटी' ज्या लॅटिन शब्दापासून आली त्याचा अर्थ अखंड, अभंग. गणितातील 'इंटिजर' त्याच कुळातला. त्याला आपण पूर्णांक म्हणतो. एक गुण व्यवहाराचा, दुसरा माणसाचा.

कचेरीतील एखादी टिप्पणी घ्या. तीतील प्रत्येक वाक्य खरे आहे. परंतु वरिष्ठांना न रुचणारा एक आक्षेप, लिहिणाऱ्यास पूर्णपणे पटलेला असूनही, तीत आलेला नाही. असत्य कोठेच सापडणार नाही. अश्वत्थामा मेला असे सांगणारा धर्मराजही शब्दापुरता खराच होता. भंगला आहे तो माणूस: मत एकीकडे, लेखणी दुसरीकडे.

मुंबई महाराष्ट्रापासून वेगळी ठेवण्याच्या प्रश्नावर १९५६ साली चिंतामणराव देशमुखांनी अर्थमंत्रिपद सोडले. पदावर राहून त्यांना असत्य बोलावे लागले असते असे नाही. दुभंगून मात्र राहावे लागले असते.

अर्थात अखंड माणूस बरोबरच असतो असे नव्हे. ज्यांचे नाव बंगळुरात पावलोपावली भेटते त्या विश्वेश्वरय्यांनी १९१८ मध्ये म्हैसूरचे दिवाणपद सोडले, ते मागासलेल्या जातींना नोकऱ्यांत राखीव जागा देण्याच्या धोरणाशी न पटल्यामुळे. ते धोरण आज अनेकांना न्याय्य वाटेल, मलाही वाटते. तथापि न पटलेले धोरण राबवीत ते खुर्चीवर बसले नाहीत. उघड मांडलेले मत चुकीचे असले तरी त्याला उत्तर देता येते. मनात दडवलेल्या मताला ते कोण देणार?

प्रत्येक मतभेदापायी राजीनामा देणे आपणांस परवडणारे नाही, नियमांची तशी अपेक्षाही नाही. निर्णय वरिष्ठांचा, आणि झालेला निर्णय पाळणे हे कर्तव्यच. परंतु तत्पूर्वी पटलेला आक्षेप दोन ओळींत नोंदवणे आपल्या हाती असते. त्याने निर्णय बदलेलच असे नाही; पण आक्षेप मुळात कोणाला सुचलाच नव्हता, असे पुढे म्हणता येणार नाही.