मुद्दल आणि व्याज

जपून ठेवणं हा आमच्या घराण्याचा पिढीजात आजार आहे. आजोबांनी सुतळीचे तुकडे जपले, दादांनी विजेची बिलं जपली आणि मी सीड्या जपल्या.

परवा आई म्हणाली, "अरे, ह्यांच्या आवाजाची ती तबकडी लाव ना."

दादांना जाऊन बारा वर्षं झाली. त्यांची कॅसेट मी २००४ साली सीडीवर उतरवून घेतली होती. दादा काही गात नव्हते. आईला हाक मारून चहा मागत होते, एवढंच. माळ्यावरचा डबा काढला. आत तेवीस सीड्या आणि त्यांवर माझ्या वळणदार अक्षरातली लेबलं: 'महत्त्वाचे', 'महत्त्वाचे-२', 'अति महत्त्वाचे' आणि 'इतर'.

"यातले दादा कुठले?" हिनं विचारलं. असं व्हाउचर बँकेत कोणी माझ्यापुढे ठेवलं असतं, तर मी ते तोंडावर परत केलं असतं.

शेजाऱ्यांचा जुना प्लेअर आणला. 'अति महत्त्वाचे'मध्ये मामेभावाचं लग्न निघालं. दादा 'इतर'मध्ये असणार! तिचं लेबल सुटत आलं होतं, म्हणून नीट चिकटवायला उचकटलं, तर त्याबरोबर चांदीचा मुलामाही निघून आला. दादा माझ्या बोटाला चिकटले.

मग अक्कल आली. सीडीचा जीव चकचकीत बाजूला नसतो. तो लेबलाच्या बाजूला, पातळ लेपाखाली असतो. म्हणून तिला कागद चिकटवू नये, बॉलपेन टेकवू नये. मधल्या पारदर्शक कड्यावर पाण्याच्या शाईच्या मऊ पेनानं लिहावं. उन्हात ठेवू नये, डबीत उभी ठेवावी. सोन्याचा थर असलेली मिळाली तर उत्तम, कारण चांदी काळवंडते, सोनं नाही. हे आमच्या आजीला सीडी न बघताच ठाऊक होतं.

रविवारी मन लागेना, म्हणून पांडवलेण्यांवर गेलो. दहाव्या लेण्यात नहपानाचा जावई उषवदात याचा लेख आहे. सुमारे १९०० वर्षांपूर्वीची ही मुदत ठेवच म्हणा! गोवर्धनच्या विणकरांच्या श्रेणीकडे २००० कार्षापण, व्याज दरमहा शेकडा १. मी तिथंच हिशेब केला: वर्षाला २४०. लेण्यात वर्षावास करणाऱ्या २० भिक्षूंना चीवरासाठी प्रत्येकी १२. पैन्‌पै जुळलं! शिवाय हे सभेत वाचून दाखवलं, फलकावरही नोंदवलं. त्यातली दगडावरची प्रत राहिली.

पण मला टोचलं ते पुढचं कलम. मुद्दल परत घ्यायचं नाही, व्याज मात्र वापरायचं.

मी काय केलं? मुद्दल डब्यात घातलं आणि इतकी वर्षं व्याजाला हातही लावला नाही. ती सीडी मी एकदासुद्धा ऐकली नव्हती. लेबल लावलं की कर्तव्य संपलं, असं मानणाऱ्याला जपणारा म्हणावं की नुसता कोठावळा?

घरी येऊन आईला खरं सांगितलं. ती जरा गप्प बसली. मग म्हणाली, "तूच म्हणून दाखव, कसे हाक मारायचे ते."

मी आवाज काढला, "अहो, चहा टाकता का?"

"'अहो' कुठलं? 'अगं ए' म्हणायचे," आई म्हणाली आणि पदर डोळ्यांना लावून हसली.

ते मी लगेच भरून घेतलं. दोन सीड्या केल्या. एक बहिणीकडे धाडली. कड्यावर फक्त क्रमांक, तपशील वहीत: कोणाचा आवाज, कुठे, कधी. आणि शेवटी शेरा: 'दर दिवाळीला ऐकणे.'