नंबर काढण्याआधी

हे काम बसमध्ये, रांगेत किंवा टीव्हीवर जाहिराती चालू असताना करू नका. तिथे अंगठा फार भराभर फिरतो. रात्रीची जेवणं उरकून घरातला आवाज जरा बसला की अर्धा तास मोकळा काढा. फोनचं इंटरनेट बंद ठेवा, म्हणजे मधेच कुणाचा मेसेज येऊन यादीतलं एखादं नाव स्वतःची बाजू मांडायला लागणार नाही. मग कॉन्टॅक्ट्स उघडा. काढायचं काहीच नाही अजून. यादी नुसती वरून खाली सरकवा, ओळखीच्या आळीतून सायकल हातात धरून चालत जावं तितक्या सावकाश.

नावं वाचत जा, आणि वाचताना मनात काय उमटतं तेवढंच पाहा. काही नावांबरोबर चेहरा येतो, काहींबरोबर आवाज. काहींबरोबर फक्त काम येतं: गॅसवाला, पंक्चर वारजे, सोफा ओएलएक्स, घरमालक जुने, ब्लाउजवाल्या ताई. आणि एखाद्या नावाबरोबर काहीच येत नाही. ‘संजय’. नुसताच संजय. कुठला, कधीचा, कशासाठी? तिथे दोन श्वास थांबा. आठवला तर ठीक, नाही आठवला तरी ठीक. पुढे चला.

थोडं खाली गेलात की जुने थर लागतील. मामा बीएसएनएल, मामा आयडिया, मामा जिओ, मामा नवीन, मामा नवीन 2. 20 जानेवारी 2011 ला देशभर नंबर पोर्टेबिलिटी लागू झाली. त्याआधी कंपनी बदलायची तर नंबरही बदलावा लागे, त्यामुळे स्वस्त योजना आली की एक नवा मामा जन्माला येई. सवय लागली ती लागलीच, पुढेही आपण नावाला शेपट्या जोडतच राहिलो. त्याच्याही आधीचा थर सिमकार्डातला. सिमवर साधारण 250 नंबर मावत आणि नावाला जागा अगदी बेताची, म्हणून ‘जोशीकाका सांग’ एवढंच उरलेलं दिसतं. सांगलीचे, सांगोल्याचे, की सांगवीचे, ते आता जोशीकाकाच जाणोत.

त्या काळी ‘मेमरी फुल’ असं झळकायचं आणि नव्या माणसाला जागा द्यायला जुन्या कुणाला तरी उठवावं लागायचं. निवड यंत्रच करायला लावत होतं. आज एका गूगल खात्यात 25,000 नंबर राहतात. यादी कधी भरतच नाही, म्हणून फोन आपल्याला काही विचारतही नाही. तो प्रश्न आता ज्याचा त्यानेच स्वतःला विचारायचा.

मामांच्या बंद पडलेल्या नंबरांपासून सुरुवात करा. चालू आहे तो एक ठेवा, बाकीचे काढा. मामांचं यात काही बिघडत नाही. ‘काढून टाकायचं का?’ या फोनच्या प्रश्नाला ‘हो’ म्हणताना छातीत किंचित काही हललं तर ते फक्त पाहून ठेवा.

पुढची नावं जरा जड आहेत. ‘ऑक्सिजन हडपसर’. ‘रेमडेसिविर मेडिकल’. ‘प्लाझ्मा ओ पॉझिटिव्ह’. ‘बेड चौकशी’. कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत, एप्रिल-मे 2021 मध्ये, पुण्यात, नागपुरात, नाशकात, मुंबईत फोन हातात असलेल्या जवळजवळ प्रत्येकाने असे नंबर साठवले. कुणी पाठवले, कुठल्या ग्रुपवरून आले, आता सांगता येणार नाही. बरेचसे लागलेच नाहीत. काही लागले, आणि पलीकडून कुणी तरी रात्री दोन वाजता शांतपणे पत्ता सांगितला, किंवा ‘संपले हो, सॉरी’ म्हणताना त्याचा आवाज चिरकला. त्या माणसाचं नाव आपण विचारलं नव्हतं. विचारायची ती वेळ नव्हती.

या नंबरांपाशी घाई करू नका. तो आवाज आठवतोय का पाहा. ज्यांच्यासाठी फोन केला होता ती व्यक्ती आज घरात आहे, की नाही? दोन्ही उत्तरांना सारखीच जागा द्या. मग, व्यवहाराच्या दृष्टीने पाहिलं तर, यातला बहुतेक एकही नंबर आता उपयोगाचा नाही. काढा. मनातल्या मनात त्या बिननावाच्या माणसाला नमस्कार करून काढा. तेवढं ऋण कबूल करायला फोनमधली ओळ राहायलाच हवी असं नाही.

त्या संजयचं काय? माझं मत, राहू द्या. मार्क ग्रॅनोव्हेटर या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाने 1973 मध्ये एक निबंध लिहिला. बॉस्टनजवळच्या गावात ओळखीतून नोकरी मिळालेल्या लोकांना त्याने विचारलं होतं, ही बातमी देणारा तुम्हाला किती वेळा भेटायचा? निम्म्याहून जास्त लोक म्हणाले, कधीमधी. वारंवार भेटणाऱ्यांकडून बातमी मिळालेले थोडेच निघाले. जवळच्यांना आपल्याला असतं तेवढंच ठाऊक असतं. म्हणून नुसती पुसट झालेली ओळख कचऱ्यात टाकू नका. जागा तर ती काहीच खात नाही.

आता गेलेल्यांची नावं.

इथे फोन क्षणभर पालथा ठेवला तरी चालेल. प्रत्येक यादीत अशी नावं असतात, आणि आपला अंगठा ती ओलांडताना थोडा वेग घेतो. आज घेऊ नका. समजा, गेलेल्या एखाद्या काकांचं नाव उघडा. बंद झालेला मोबाइल नंबर आपल्याकडे किमान 90 दिवस कुणालाही दिला जात नाही, त्यानंतर तो दुसऱ्याला मिळू शकतो. म्हणूनच कधी तरी व्हॉट्सॲपवर काकांच्या नावापुढे अचानक बाइकवर बसलेल्या अनोळखी मुलाचा फोटो दिसतो, आणि पोटात धस्स होतं. त्या मुलाची यात काही चूक नाही. नंबर काकांच्या मालकीचा कधीच नव्हता, वापरायला दिलेला होता. दहा आकडे परत गेले आणि पुढच्या माणसाकडे आले.

‘काढवत नाही’ असं बरेच जण म्हणतात, आणि मला ते पटतं. पण आपल्याच परंपरेने या प्रश्नाचा विचार किती बारकाईने केलाय ते पाहण्यासारखं आहे. श्राद्धात नाव-गोत्र घेऊन पिंड दिला जातो तो वडील, आजोबा, पणजोबा या तीन पिढ्यांना. नव्याने गेलेला माणूस सपिंडीकरणात पितरांच्या ओळीत येतो, तेव्हा त्या ओळीतला सर्वात जुना नावाने घेतलं जाण्यातून सुटतो. त्याला कुणी विसरलेलं नसतं, आता तो सगळ्यांमध्ये असतो. ज्यांची तिथीही माहीत नाही त्यांच्यासाठी सर्वपित्री अमावास्या आहेच. म्हणजे नाव कधी मोकळं करायचं याचीही रीत घालून दिलेली होती. आपल्या फोनला अशी रीत नाही, तेव्हा आपणच एक पाडू: काकांच्या नोंदीतला नंबर खोडा, नाव राहू द्या. नंबराशिवाय नुसतं नाव, वाढदिवसाची तारीख, फोटो, एवढं फोनमध्ये खुशाल ठेवता येतं. वर्षातून एकदा तो वाढदिवस समोर येईल, आणि कुणा अनोळखी मुलाला चुकून फोन जाणार नाही.

यानंतर एक गमतीची जात येते: ‘उचलू नको’, ‘उचलू नको 2’, ‘लोनवाली’, ‘विमा चिकट’. नको असलेली माणसं आपण सर्वात आधी साठवतो, कारण नाव काढलं की तो नंबर परका होतो, आणि परका फोन आपण हमखास उचलतो. इथे मननाची गरज नाही. आधी ब्लॉक करा, मग काढा. ब्लॉकची यादी वेगळी असते, नाव गेलं तरी ती शाबूत राहते.

उरले ते ज्यांच्यावर आपलं काही येणं आहे. उसने नेलेले पैसे, न मागितलेली माफी, साइटवर अर्धवट टाकून गेलेला मिस्त्री, लग्नात अपमान करून पुन्हा कधीही न बोललेली वहिनी. असं एक नाव निवडा, सर्वात टोचणारं. त्याच्याकडे पाहा. हा नंबर कशासाठी ठेवलाय? फोन करायला, की हिशेब उघडा ठेवायला?

तुकोबांच्या घरी सावकारी होती. चरित्रकार सांगतात, कर्जाच्या खतांची त्यांनी वाटणी केली. अर्धी धाकट्या भावाला, कान्होबाला दिली, कारण त्याला प्रपंच चालवायचा होता, आणि फक्त आपल्या वाट्याची इंद्रायणीत बुडवली. ऋणको आसपासचेच. रस्त्यात रोज भेटत असणार. तुकोबांनी सोडलं ते येणं, माणसं काही सोडली नाहीत. या गोष्टीतली ती वाटणी मला जास्त महत्त्वाची वाटते. दुसऱ्याच्या हक्काचं त्यांनी नदीत टाकलं नाही. तेव्हा भावाबरोबर सामायिक असलेल्या जमिनीच्या वादातल्या वकिलाचा नंबर वैतागून काढू नका, तो एकट्या तुमचा नाही. आपल्या एकट्याच्या वाट्याचं जे येणं आहे तेवढंच आज सोडता येतं का पाहा. नाही आलं तर नाव राहू द्या. जबरदस्तीची माफी टिकत नाही.

भीती वाटत असेल तर एवढं लक्षात असू द्या: नाव काढल्याचं समोरच्याला कळवलं जात नाही. व्हॉट्सॲपवरचं तुमचं स्टेटस मात्र त्याला दिसेनासं होऊ शकतं. आणि गूगलमधून काढलेलं नाव 30 दिवस ट्रॅशमध्ये राहतं, तिथून परत आणता येतं.

यादी मिटवण्याआधी शेवटचं एक करा. डोळे मिटून स्वतःला विचारा, यातले किती नंबर मला तोंडपाठ आहेत? घरात लँडलाइन होती तेव्हा मावशीचा, शेजाऱ्यांचा, बाबांच्या ऑफिसचा, सगळे पाठ असायचे. आज फोन चोरीला गेला तर स्टेशनवरच्या एखाद्या भल्या माणसाचा मोबाइल मागून कुणाला लावाल? झोपण्याआधी घरातल्या दोन माणसांचे नंबर पाठ करा, आणि मुलांकडूनही करून घ्या.