मूळचे कुठले?

पुण्यात नवीन ओळख झाली की आडनावानंतरचा प्रश्न ठरलेला असतो : मूळचे कुठले? ‘जबलपूरचे’ एवढ्याने कुणाचे समाधान होत नाही. ‘ते झाले हो, पण मूळचे?’ मग पणजोबांनी सोडलेल्या, मी आयुष्यात एकदाच पाहिलेल्या कोकणातल्या गावाचे नाव सांगतो. समोरचा निश्चिंत होतो. मला मात्र खोटी साक्ष दिल्यासारखे वाटते.

माझे लहानपण राइट टाउनमध्ये गेले. वस्तीचे नाव इंग्रज साहेबाचे, रस्त्यावरची भाषा हिंदी आणि घरात मराठी. तीही अशी की सुट्टीत आलेली आत्या हसायची, कारण आमच्याकडे पाऊस पडत नसे, ‘गिरत’ असे. पण या भागात मराठी काही काल आलेली नाही. गढा-मंडल्याचे गोंड राज्य १७८१ मध्ये सागरच्या मराठ्यांनी घेतले, पुढे हा मुलूख नागपूरकर भोसल्यांकडे गेला आणि १८१७-१८ मध्ये इंग्रजांकडे. नंतर रेल्वेने, तोफगाड्यांच्या कारखान्याने, शाळा-कचेऱ्यांनी मराठी माणसे आणली. १ नोव्हेंबर १९५६ ला राज्यांची फेररचना होऊन विदर्भ मुंबई राज्यात गेला आणि नव्या मध्य प्रदेशाचे उच्च न्यायालय जबलपूरला बसले. राज्याची हद्द कुठे पडावी, हे त्या दिवशी ठरले. घर कुठे, हे ठरवणे कुठल्याही आयोगाच्या अधिकारात नव्हते.

जबलपूर म्हटले की लोकांना भेडाघाट आठवतो : संगमरवराच्या कड्यांमधून जाणारी नाव, धुवांधारचे तुषार, वर चौसष्ट योगिनींचे मंदिर. राज कपूरच्या ‘जिस देश में गंगा बहती है’मध्ये हेच दृश्य आहे, आणि नदी अर्थातच नर्मदा आहे. एवढे सौंदर्य उशाशी असताना तिथे जीव जडणारच, असे लोक गृहीत धरतात. मला ते पटत नाही. आम्ही भेडाघाटला जायचो ते पाहुणे आले की. नावाडी यमके जुळवत कड्यांची वर्णने करायचा, पाहुणे हसायचे, आणि आम्ही पोरे पुढचे यमक त्याच्या आधी म्हणून टाकायचो. पाहुणा दृश्य बघत होता, आम्ही पाहुण्याचा चेहरा. त्याला आवडले नसते तर कमीपणा आम्हाला वाटला असता. आपुलकी दृश्यातून आलेली नव्हती. ते दाखवण्याची जबाबदारी आमची होती, तिच्यातून ती आली.

या जबाबदारीला पायांनी उत्तर देणारा माणूस आमच्याच राइट टाउनमध्ये राहत होता. अमृतलाल वेगड यांचे घराणे कच्छी गुजराती, जन्म १९२८ चा, जबलपूरचाच. शांतिनिकेतनात नंदलाल बोस यांच्या हाताखाली चित्रकला शिकून ते परतले आणि इथेच कला शिकवू लागले. १९७७ मध्ये, पन्नाशीला टेकताना, ते नर्मदेच्या काठाने तुकड्यातुकड्याने चालू लागले. गोनीदांच्या ‘कुणा एकाची भ्रमणगाथा’पासून मराठी वाचकाला परिक्रमा परकी नाही. पण बहुतेक परिक्रमावासी दुरून येतात, पुण्य जोडतात आणि आपल्या गावी परततात. वेगडांचे गाव काठावरच होते, तरी चालावेसे वाटले. घाटावरून दिसते तेवढीच नदी त्यांना पुरेशी वाटली नसावी. वाटेतली सदावर्ते, धर्मशाळा, भेटलेली माणसे यांनी त्यांची पुस्तके आणि चित्रे भरून गेली. ‘मूळचे कच्छचे’ म्हणून त्यांचा नर्मदेवरचा हक्क कमी करायला कोण धजेल?

त्यांनी तुडवलेल्या काठाचा बराच भाग आता पाण्याखाली आहे. जबलपूरच्या वरच्या अंगाला बरगी धरणाचे काम १९७४ मध्ये सुरू झाले आणि १९९० मध्ये संपले. १६२ गावांना त्याची झळ लागली. पावसाळ्यात धरणाचे दरवाजे उघडले की आम्ही डबा घेऊन ते पाहायला जायचो. अथांग पाणी, पलीकडे डोंगर, बघत राहावे असे दृश्य. त्या पाण्यात कुणाचे तरी अंगण आहे, हे आम्हाला तेव्हा कुणी सांगितले नाही आणि आम्हीही विचारले नाही. त्या अंगणात वाढलेला माणूस याच काठावर उभा राहून काय पाहत असेल? निसर्गरम्य म्हणजे घर, हे समीकरण माझ्यापुरते तिथे मोडले.

२२ मे १९९७ च्या पहाटे भूकंप झाला. मदन महालच्या टेकडीवरची प्रसिद्ध तोल सावरून बसलेली शिळा जागची हलली नाही, पण शहरात घरे पडली, माणसे गेली. पुण्याहून फोन आले, ‘सगळे इकडे निघून या, आपल्या माणसांत.’ आजी गेली नाही. शेजाऱ्यांबरोबर अंगणात खाट टाकून ती कित्येक रात्री झोपली. भिंतीला गेलेल्या तड्यावर रोज सकाळी बोट फिरवून तो वाढला का, ते बघायची. कोकणातल्या आमच्या घराची एक भिंत कधीच पडली होती. ते कळले तेव्हा ती ‘अरेरे’ म्हणाली आणि पुढच्या कामाला लागली.

त्या दोन भिंतींमधला फरक मला ‘मूळ’ या शब्दापेक्षा अधिक खरा वाटतो. ज्या जागेचे बरेवाईट आपल्याला रात्री जागे ठेवते, जिथली बरगीसारखी लाज आपल्याही खात्यावर लिहावी लागते, ती जागा घर. मग ती सुंदर असो वा नसो. जबलपूर सुंदर निघाले, हा आमच्या नशिबाचा भाग.

आजीच्या अस्थी ग्वारीघाटावर सोडल्या. पुढच्या खेपेला कुणी मूळ विचारले, तर मी तो घाट सांगणार आहे.